वाटाड्या आणि कॅमेरा : शहराच्या रस्त्यावरील विकतच्या नजरेचा इतिहास

परगावाहून वा परदेशातून शहर पाहायला आलेल्या माणसाला अलीकडे आणखी एक गोष्ट विकत मिळू लागली आहे. दोन किंवा तीन तासांचा अवधी, शक्यतो पहाटेची वेळ, भेटीची एक ठरलेली खूण (मुंबईत असेल तर चर्चगेट स्थानकाबाहेर किंवा दादरच्या फूलबाजाराच्या तोंडाशी), सोबतीला गल्लीबोळ ठाऊक असलेला एक छायाचित्रकार आणि फेरफटका संपल्यावर काही दिवसांनी निवडून, उजेड-रंग सुधारून धाडलेली ठरावीक संख्येची छायाचित्रे. नोंदणी आगाऊ करायची, पैसेही बहुधा आगाऊच. यात दोन प्रकार आढळतात. एकात पाहुणा स्वतः चित्रात असतो आणि शहर त्याच्यामागे पडद्यासारखे उभे राहते. दुसऱ्यात कॅमेरा पाहुण्याच्या हाती असतो आणि सोबतचा माणूस त्याला कुठे उभे राहायचे, कुणाकडे पाहायचे, कधी कळ दाबायची ते सांगत असतो. २००८ साली अमेरिकेतील स्कॉट केल्बी यांनी जगभर एकाच दिवशी सामूहिक छायाचित्र-फेऱ्या काढण्याची प्रथा पाडली. २०१६ च्या नोव्हेंबरात एअरबीएनबीने निवासाच्या जोडीने ‘अनुभव’ही विकायला काढले. त्यामुळे ही सारी आपल्या इंटरनेटच्या काळाचीच निपज आहे असे समजणे सोपे जाते.

परंतु या व्यवहारात नेमके काय विकले जाते, असा प्रश्न विचारला की तो बराच जुना निघतो. पाहुण्याच्या खिशातला दूरध्वनी आज पुरेशी उत्तम छायाचित्रे काढतो. नकाशाही त्याच यंत्रात फुकट असतो. तेव्हा तो पैसे मोजतो ते चित्रासाठी वा वाटेसाठी नव्हेत. तो मोजतो ते वाटाड्याच्या ओळखीसाठी. भल्या पहाटे कामात गढलेल्या माणसासमोर परक्याने कॅमेरा उगारला तर तो माणूस तोंड फिरवतो किंवा शिवी देतो. वाटाड्या सोबत असेल तर तोच माणूस ‘काढा’ म्हणतो. या ‘काढा’मागे वाटाड्याने वर्षानुवर्षे प्यायलेला चहा असतो, विचारपूस असते, कधी अडीअडचणीला केलेली मदतही असते. हे सगळे भांडवल तो तासाच्या हिशेबाने विकतो. ते त्याचे एकट्याचे आहे काय, हा या टिपणातला मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन शहरांचा इतिहास उपयोगी पडतो, एक सॅन फ्रान्सिस्कोचा आणि दुसरा आपल्या मुंबईचा.

आर्नोल्ड गेन्थे हा १८६९ साली बर्लिनमध्ये जन्मलेला, येना विद्यापीठात भाषाशास्त्रात पदवी मिळवलेला विद्वान. १८९५ मध्ये तो एका जर्मन उमरावाच्या मुलाचा शिक्षक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला आला. पुढे १९३६ साली लिहिलेल्या आठवणींत त्याने सांगितले आहे की, त्याच्याजवळच्या बेडेकरच्या प्रवास-मार्गदर्शिकेत चिनी वस्तीविषयी एक सूचना होती : सोबत वाटाड्या असल्याखेरीज तिकडे जाणे इष्ट नव्हे. या एका वाक्यामुळे त्याचे कुतूहल चाळवले. तो वाटाड्याशिवाय गेला, पुन्हा पुन्हा गेला, आणि रेखाटने काढू लागताच माणसे पांगतात असे दिसल्यावर त्याने एक लहान कॅमेरा मिळवला. तो लपवून, तासन्‌तास एखाद्या कोपऱ्यावर उभा राहून त्याने जी छायाचित्रे टिपली ती १९०८ मध्ये विल अर्विन याच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली. मधल्या काळात, १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत ती जुनी चिनी वस्ती जळून गेली होती. गेन्थेची चित्रशाळाही जळाली. चिनी वस्तीच्या काचा तेवढ्या बँकेच्या तिजोरीत ठेवल्यामुळे वाचल्या. नष्ट झालेल्या गल्ल्यांची एवढी भरघोस दृश्यनोंद दुसऱ्या कुणी केलेली नसल्याने या संग्रहाला पुढे दस्तऐवजाची प्रतिष्ठा मिळाली.

या प्रतिष्ठेला धक्का बसला तो १९८४ साली. जॉन कुओ वे चेन या इतिहासकाराने ती चित्रे नव्याने प्रसिद्ध करताना मूळ काचा आणि छापील चित्रे ताडून पाहिली. गेन्थेने चित्रांच्या कडा कापल्या होत्या, इंग्रजी पाट्या खरवडल्या होत्या, गोऱ्या माणसांना काढून टाकले होते. अमेरिकन शहराच्या मध्यभागी, तारांच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या जंजाळात राहणारी ही वस्ती चित्रात मात्र जणू चीनमधून उचलून आणून ठेवल्यासारखी दिसावी, यासाठी हा खटाटोप. वाटाड्या नाकारणाऱ्या गेन्थेने अखेर तेच केले जे त्या काळचे भाडोत्री वाटाडे करीत. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांतले वाटाडे पर्यटकांच्या टोळ्यांना रात्री अफूचे अड्डे दाखवीत, आणि त्यांतले कित्येक अड्डे पैसे देऊन उभे केलेले देखावेच असत. पाहुणा जे पाहायच्या अपेक्षेने आला आहे ते त्याला मिळालेच पाहिजे, हा या धंद्याचा पहिला नियम. गेन्थे या नियमातून सुटला असे वाटते खरे, पण पाहुणा आणि वाटाड्या या दोन्ही भूमिका त्याने एकट्यानेच वठवल्या इतकेच.

येथे एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. गेन्थेच्या लिखाणात आणि एकूणच त्या काळच्या वर्णनांत चिनी लोक कॅमेऱ्याला भितात, त्याला सैतानी पेटी समजतात, असे कौतुकमिश्रित सुरात सांगितलेले असते. परक्या लोकांच्या अंधश्रद्धेचा हा नेहमीचाच किस्सा. परंतु अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला होता. १८९२ च्या गिअरी कायद्याने आधीपासून तिथे राहणाऱ्या चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला घेण्याची सक्ती झाली. आणि १८९३ च्या दुरुस्तीने त्या दाखल्यावर छायाचित्र अनिवार्य केले. म्हणजे गेन्थे येऊन पोचला त्याच्या दोनच वर्षे आधी या लोकांच्या चेहऱ्याचे चित्र ही सरकारी पहाऱ्याची वस्तू झाली होती. दाखला नसला तर अटक आणि हद्दपारी. अशा माणसाने रस्त्यात कॅमेरा पाहून तोंड लपवावे यात भोळेपणा कुठे आहे? उलट त्या गल्लीत कॅमेऱ्याचा अर्थ ज्याला पुरता कळला होता असा माणूस कॅमेऱ्यापुढचाच होता. आजही रस्त्यावर छायाचित्रे काढायला निघालेल्या पाहुण्यांना ‘इथले लोक जरा लाजाळू आहेत’ असे सांगण्यात येते तेव्हा ही दुरुस्ती आठवते. ज्याच्या पथाऱ्यावर महापालिकेची गाडी कधीही येऊ शकते त्या फेरीवाल्याने कॅमेरा टाळला तर त्याला लाजाळू म्हणणे ही आपली सोय असते.

आता मुंबईकडे वळू. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या फार मागे नव्हती. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे या शहरातले नाणावलेले छायाचित्रकार झाले. कॅमेऱ्यामागे गोरा आणि पुढे काळा, अशी सरळ विभागणी मुंबईत पहिल्यापासून नव्हती, हे आपण विसरू नये. तरीही परक्यासाठी मुंबईचे चित्र तयार करण्याचा जो पहिला मोठा उद्योग झाला तो विल्यम जॉन्सन या इंग्रजाचा. मुंबई सरकारात कारकुनी करता करता तो छायाचित्रणात शिरला. विल्यम हेंडरसन याच्या जोडीने १८५६ ते १८५८ या काळात त्याने एक मासिक चित्रसंग्रह चालवला. त्यातल्या आणि नंतरच्या सामग्रीतून ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लंडनमध्ये दोन खंडांत निघाला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा.

या ग्रंथातली चित्रे पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. वेगवेगळ्या जातिजमातींची माणसे मुंबईतल्या ओळखीच्या जागांसमोर, मोकळ्यावर उभी किंवा बसलेली दिसतात. जरा निरखून पाहिले की उजेडाची दिशा जुळत नाही, पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत. ही चित्रे जोडलेली आहेत. माणसे चित्रशाळेत बसवून टिपली, जागा वेगळ्या टिपल्या, आणि एकीवर दुसरे बसवले. याला तांत्रिक कारण होते आणि जॉन्सनला ते मापात द्यायला हवे. ओल्या काचेच्या त्या पद्धतीत काचेवर द्रावण चढवणे, चित्र घेणे आणि ते धुऊन पक्के करणे ही सारी कामे काच सुकण्याआत उरकावी लागत. त्यातून उजेडाला काच दाखवायची ती काही सेकंद तरी. हलत्या रस्त्याचे, वाहत्या गर्दीचे चित्र अशा यंत्रात मावणारे नव्हते. चालत्या माणसाची त्यात सावली उरे, पुष्कळदा तीही नाही. म्हणून रस्ता रिकामा करून घ्यायचा आणि माणूस नंतर चिकटवायचा. मात्र तंत्राच्या अडचणीने जे घडले त्याला ग्रंथाच्या हेतूने अर्थ दिला. चिकटवलेला माणूस त्या जागी काय करीत होता हा प्रश्नच उरत नाही; तो कुणाची वाट पाहत नाही, त्याला कुठे जायचे नाही. तो केवळ एका जमातीचा नमुना आहे. पुढे सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या ४६८ चित्रांनी हीच पद्धत साम्राज्याच्या मापाची केली. ग्रंथाच्या नावातला ‘व्हिजिटर्स’ हा शब्दही मजेदार आहे. तो मुंबईत येणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि वाटसरूंना उद्देशून आहे. सात समुद्र ओलांडून आलेला, कॅमेऱ्यामागे उभा असलेला पाहुणा या मोजदादीत नाही.

योगायोग असा की, ज्या १८६३ साली जॉन्सनचा पहिला खंड निघाला त्याच साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीत एका शहरावर लिहिलेला इतका सविस्तर ग्रंथ त्याआधी नव्हता. माडगावकर गोव्यातून लहानपणी मुंबईत आलेले, तेव्हा तेही एका अर्थाने पाहुणेच. त्यांच्याही ग्रंथात जाती आहेत, धंदे आहेत, पेहराव आहेत, बाजार आहेत. वर्गीकरणाचा सोस त्या काळाचाच होता आणि माडगावकर त्याला अपवाद नाहीत. परंतु त्यांची माणसे रस्त्यावर चालतात, भांडतात, भाव करतात. वाचकाला हाताला धरून बाजारातून नेणारा हा लेखक आहे, आणि तो ज्याला नेतो आहे तो वाचकही उद्या नोकरीधंद्यासाठी याच शहरात येणारा कुणी मराठी माणूस असू शकतो, याची जाण त्या गद्यात सतत आहे. एकाच वर्षी एकाच शहराच्या अशा दोन फेऱ्या निघाल्या, एक चित्रांची आणि एक शब्दांची. आपल्या अभ्यासक्रमांत माडगावकर ‘आरंभीचे गद्य’ या सदराखाली दोन गुणांच्या टिपेपुरते उरले आहेत. ते या दृष्टीने शेजारी जॉन्सन ठेवून शिकवले तर वर्गात काही निराळे घडू शकेल असे मला वाटते.

१८८१ मध्ये थॉमस कुकच्या कंपनीने मुंबईत कचेरी उघडली आणि प्रवाशाला बोटीवरून उतरवून घेणारी, गाडी-हॉटेल-दुभाष्या जमवून देणारी यंत्रणा उभी राहिली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. शंभर चित्रांची गुंडाळी आत भरूनच तो विकला जाई, आणि गुंडाळी संपली की कॅमेऱ्यासकट कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. आता पाहुण्याला छायाचित्रकाराची गरज उरली नाही. वाटाड्याची मात्र उरलीच.

या सगळ्यापासून दूर, आपल्याकडे एक समांतर परंपरा वाढत होती, आणि तिचा इतिहास लिहायला हवा तसा लिहिला गेलेला नाही. ती म्हणजे जत्रेतल्या फोटोची. तंबूत एक रंगवलेला पडदा. त्यावर ताजमहाल, चंद्र, बागेतले कारंजे, विमान, क्वचित मुंबईचा रस्ता. पुढे लाकडी किंवा पुठ्ठ्याची मोटार नाहीतर फटफटी. नवविवाहित जोडपे, दोन मित्र, तालुक्याला प्रथमच आलेला मुलगा आपापला पडदा निवडून त्यापुढे उभे राहतात. तंत्र पाहिले तर हा जॉन्सनचाच प्रकार, माणूस एकीकडचा आणि जागा दुसरीकडची. फरक एवढाच की येथे पडदा निवडण्याचा अधिकार चित्रातल्या माणसाचा आहे, पैसे त्याचे आहेत, आणि चित्रही त्याच्याच घरी, देवघराच्या वरच्या खुंटीला जाते. ४ डिसेंबर १९२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. पुढे त्या फरसबंदीवर गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे छायाचित्रकार हे याच परंपरेचे. साताऱ्या-जळगावकडून आलेल्या कुटुंबाला ते ‘असे उभे राहा, ताईंना पुढे घ्या, हात वर करा’ म्हणून सांगतात. पाठीमागे खरा गेटवे असतो, पण त्याचा वापर पडद्यासारखाच होतो. पाहुण्याला चित्रात घेऊन शहर त्याच्यामागे उभे करणाऱ्या आजच्या आगाऊ नोंदणीच्या धंद्याचे घराणे सांगायचे तर ते या माणसांचे आहे. त्यांना आपण कधी कलावंत म्हटले नाही. त्यांच्या कामाचे पैसे मात्र काम झाल्यावर, चित्र हाती पडताना दिले जात, ही गोष्ट आजच्या करारांपेक्षा अधिक सभ्य होती.

ज्यात पाहुणा चित्रात नसून कॅमेऱ्यामागे असतो तो दुसरा प्रकार अधिक अवघड आहे, आणि त्याविषयी आपल्या साहित्यात एक विलक्षण नोंद आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये निघाला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या कवितांतले शब्द आपल्याला कळत नाहीत, त्यांमागचे जग आपल्याला ठाऊक नाही, हे जाणवल्यावर तेंडुलकरांनी कवीलाच सोबत घेऊन ती वस्ती पाहिली, आणि तो अनुभव प्रस्तावनेत नोंदवला. पांढरपेशा मराठी लेखक आणि टॅक्सी चालवून पोट भरलेला मराठी कवी. शहर एक, भाषा एक, आणि तरीही वाटाड्या लागला. हा प्रसंग साहित्यशिक्षकांनी नेहमी तेंडुलकरांच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून सांगितला आहे, आणि तो प्रामाणिकपणा आहेच. पण ढसाळांच्या बाजूने पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे होते. स्वतःची कविता छापील अक्षरांत मान्य व्हावी यासाठी कवीला आपली गल्ली पाहुण्याला दाखवावी लागली. असेही म्हणता येईल की, पाहुण्याला आपल्या अटींवर, आपल्या वाटेने, आपल्या वेळी नेण्याची संधी त्याने घेतली. कुठे थांबायचे आणि कुठून पाहायचे हे त्या रात्री ढसाळ ठरवत होते. सत्तेची दिशा अशी क्षणभर उलटणे हे मार्गदर्शित फेरीत क्वचितच घडते.

याच वस्तीच्या अंगाने, फॉकलंड रोडवर, मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने काम केले. १९६८ पासून पुढची दहा वर्षे ती अधूनमधून तिथे जाई आणि दर वेळी तिच्या अंगावर पाणी, कचरा आणि शिव्या येत. १९७८ मध्ये ती ठरवून परत आली आणि सुमारे तीन महिने रोज त्या रस्त्यावर जात राहिली. हळूहळू तिथल्या बायकांनी तिला आत घेतले. तिचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. ते वादातीत नाही. पिंजऱ्यासारख्या खोल्यांतली ती रंगीत चित्रे पाहताना दर पानागणिक अस्वस्थ व्हायला होते, आणि त्या अस्वस्थतेत पाहणाऱ्याच्या चवीचाही भाग किती, हे सांगणे कठीण. तथापि दहा वर्षे नकार पचवल्यावर मिळालेला प्रवेश आणि दोन तासांच्या नोंदणीवर मिळालेला प्रवेश यांत अंतर राहणारच. मार्कने खर्च केला तो वेळ विकत मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्या कुणीतरी आधी खर्च केलेला वेळ.

हेनिंग स्टेगम्यूलर या जर्मन छायाचित्रकाराने यातून तिसरी वाट काढली. मुंबईवरच्या त्याच्या १९९६ च्या जर्मन पुस्तकात मजकूर आहे तो दिलीप चित्रे आणि नामदेव ढसाळ यांचा, आणि २००७ साली चित्र्यांनी केलेल्या ढसाळांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादाबरोबर त्याचीच छायाचित्रे आली. येथे वाटाडे कवी आहेत आणि त्यांची नावे मुखपृष्ठावर आहेत. गेन्थेच्या पुस्तकात एकाही चिनी माणसाला लेखक म्हणून जागा नव्हती, हे आठवले म्हणजे नव्वद वर्षांत काय बदलले ते ध्यानात येते.

अरुण कोलटकरांचा मार्ग याहून वेगळा. ‘काळा घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये आला, पण त्यामागे एका उपाहारगृहाच्या खिडकीशी वर्षानुवर्षे बसून एकच चौक पाहण्याची साधना होती. कुठेही जायचे नाही, कुणाला गाठायचे नाही. रस्ता समोरून जाऊ द्यायचा. छायाचित्र-फेरीच्या आयोजकाला असा गिऱ्हाईक परवडणार नाही.

पर्यटकांवर तोंडसुख घेणे आपल्याला सोपे जाते, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २००६ च्या आरंभी मुंबईत धारावीच्या मार्गदर्शित फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा गरिबीचे प्रदर्शन म्हणून बरीच ओरड झाली. त्या सुरू करणाऱ्या रिअॅलिटी टूर्सने धारावीच्या फेरीत पाहुण्यांनी छायाचित्रे काढायची नाहीत असा नियम घातला. दृश्य विकत घ्यायला आलेल्या माणसाला दृश्य न नेण्याची अट घालून फेरी विकणे हा धंद्याच्या दृष्टीने उफराटा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात त्याने फेरीचा विषय बदलला. कातडी कमावण्याचे काम, प्लॅस्टिकचे तुकडे निवडून दळणे, कुंभारवाड्यातल्या भट्ट्या यांची माहिती ऐकण्याखेरीज पाहुण्याला दुसरे काही करण्यासारखे उरले नाही. वाटाड्याने आपले भांडवल राखून ठेवण्याचा हा एक मार्ग झाला. क्योटोच्या गिऑन भागातल्या रहिवाशांना वाटाड्यावरही विसंबता आले नाही. गेइशांचा पाठलाग करणाऱ्या पाहुण्यांना कंटाळून त्यांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला मनाई करून दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्या, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पाहुण्यांना बंदच केल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी व्यापाऱ्यांनी १९०६ च्या आगीनंतर नेमके उलट केले होते. वस्ती शहराबाहेर हलवण्याचा पालिकेतला घाट मोडून काढण्यासाठी त्यांनी गोऱ्या वास्तुकारांकडून पॅगोडासारख्या छपरांच्या इमारती बांधून घेतल्या, म्हणजे पाहुण्याच्या डोळ्यातला चीन स्वतःच उभारला. त्यामुळे गिऱ्हाईक आले, आणि वस्ती जागची हलली नाही. गेन्थेने पाट्या खरवडून जे केले ते यांनी विटा-कौलांत केले. पण येथे लाभ कुणाचा होता? कॅमेऱ्यासाठी नटणे म्हणजे दर वेळी हार मानणेच असते असे नाही.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत अशा फेऱ्या काढतो. मराठी घेऊन एम. ए. झाला, तासिका तत्त्वावर दोन वर्षे शिकवले, आणि मग कॅमेरा गळ्यात घातला. १८७५ च्या ससून डॉकपासून १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटपर्यंत त्याची वाट ठरलेली आहे. तारखा त्याला तोंडपाठ आहेत, पण पाहुण्यांना तो त्या फारशा सांगत नाही. पहिली वीस मिनिटे कॅमेरे पिशवीतच ठेवायला लावतो. त्याला पाहून मासळीच्या टोपल्यांमधून एखादी मावशी ओरडते, “काय रं, आज कोनाला आनलास?” आणि तो पाहुण्याचे नाव-गाव सांगून आधी त्याचीच ओळख करून देतो. आधी पाहुणा दाखवायचा, मग रस्ता, असा त्याचा क्रम आहे.

मी त्याला विचारले की, करारात पाहुण्याला किती चित्रे द्यायची ते लिहिलेले असते, तर चित्रातल्या माणसाला किती, हे कुठे लिहिले आहे? जॉन्सनपासून आजवर या व्यवहारात चित्रातल्या माणसाच्या हाती प्रत पडल्याचे दाखले विरळा. गेटवेवरचे छायाचित्रकार आणि जत्रेतले तंबूवाले तेवढे अपवाद, कारण तिथे चित्रातला माणूस हाच गिऱ्हाईक होता. करारात तसे काही लिहिलेले नाही, असे तो म्हणाला. पण महिन्याकाठी एकदा तो निवडक चित्रे कागदावर छापून घेतो आणि पहाटे एकटाच, पाहुण्यांशिवाय, ती वाटत हिंडतो. फूलबाजारातल्या एका म्हाताऱ्या हारवाल्याने आपली प्रत परत केली. त्यात त्याचा डोळा मिटलेला आला होता, आणि दुसरी काढून आणल्याशिवाय यापुढे कुणालाही उभे राहू देणार नाही असे त्याने बजावले होते. पुढच्या फेरीत दोन फ्रेंच पाहुणे दहा मिनिटे ताटकळत उभे राहिले. तोवर म्हाताऱ्याने डोक्याला टोपी घातली, मागचा झेंडूचा ढीग नीट रचून घेतला आणि कुठून काढायचा ते बोटाने दाखवले.